कापा की बरका

तुर्भ्याच्या फळ मार्केटात ट्रक लागला
की गाळ्यावरून मेहता ओरडायचा,
"फणसे, फणस आले!"
आणि आख्खी टोळी हसायची.
अण्णा खांद्यावर गोणपाट टाकून वाकायचे.
छत्तीस वर्षं तोच विनोद,
मे महिन्यात दिवसाला वीसदा.
नवा कुणी आला की पुढचाही ठरलेला:
कापा की बरका?
अण्णा म्हणायचे, कामाला कापा,
पगाराच्या दिवशी बरका.

हे नाव आलं कुठून, तर घरात तीन उत्तरं.
रावजीकाका सात झाडांची सनद सांगायचे,
जी वाळवीनं खाल्ली
आणि त्याआधी कुणी पाहिली नव्हती.
कोपरखैरण्याची आत्या म्हणायची,
आपल्यातला कुणी मृदंगाची खोडं कोरायचा,
फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा
भुवयांवर घेऊन जेवायला बसायचा.

अण्णांचं उत्तर: चोरी.
"खोताच्या परड्यातून एक उचलला.
सापडला. तोच डोक्यावर देऊन
गावभर फिरवला त्याला.
मागं पोरं, फणसे, फणसे.
पोरांनी दिलेलं नाव आहे,
दरबारात नाही मिळालेलं."
"पण का चोरला?"
"बायकोला डोहाळे लागले होते,"
असं म्हणाले,
जणू परवा शेजारच्या खोलीत घडलं.

बाहेरून काटे, आतून गोड
असं शोकसभेत कुणीतरी बोललंच.
गोड नव्हते अण्णा.
मानेवर घट्टा होता,
रुमालात फुटक्या फणसाच्या आठळ्या असायच्या,
आई मीठ घालून उकडायची,
आणि सोलताना कुणी बोललेलं
त्यांना चालायचं नाही.

लग्नानंतर बँकेत गेले, वाशीला.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आधीचं आडनाव?
सांगितलं.
तिनं वर पाहिलं, ओठ दाबले.
मी थांबले, उत्तर तयार ठेवून.
तिनं नुसता शिक्का मारला.

येताना कोपऱ्यावर पाव फणस घेतला.
घरी वर्तमानपत्र पसरून, विळीवर,
तेल न लावताच बसले.
बोटाला बोट चिकटायला लागलं.
चीक पाण्यानं जात नाही, मला माहीत होतं.
तेलाची बाटली हाताशी होती.
तशीच उठले, पासबुक कपाटात ठेवलं.
नव्या नावाशेजारी
अंगठा उमटलाय.
काळा पडत चाललाय.