पाठीचा रंग

ठाकूरद्वारच्या ह्या खोलीत भट्टी बसवली
तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गव्हाणकरांनी विचारलं,
काय, पापड भाजता?
मी म्हटलं, काच.
ते हसले.
मीटर उडाला तेव्हा हसले नाहीत.

आता ठरलंय आमचं.
त्यांची मालिका साडेनऊला संपते, मग माझं बटण खाली.
आठशे अंशांवर जायला पाऊण तास.
तेवढ्यात तांब्याच्या चकत्या घासायच्या चिंच-मिठानं,
वर डिंकाचं पाणी, त्यावर चाळणीतून काचेची पूड,
रांगोळीहून बारीक,
आणि शिंक आली की रांगोळीसारखीच मोडणारी.

शेजारच्या सोनाराच्या उंबऱ्यातली धूळ
झारेकरी पैसे मोजून नेतो.
माझा उंबरा ओलांडून जातो.
काचेला कोण चाळणार, बाई?
मीच चाळते. सांडलेलं, झटकलेलं, कुंचल्यातून धुतलेलं,
पंचवीस वर्षांचं सगळं
च्यवनप्राशच्या एका बरणीत.
ते पाठीला लागतं.
पाठीला मुलामा दिला नाही
तर तांबं एकीकडे आकसतं, काच दुसरीकडे,
आणि समोरचा रंग तडकतो.

फिलोमिना परेरा आल्या, खोताच्या वाडीतून.
रुमालाच्या गाठीत एकच कानातलं.
जोडीतलं एक गेलं, म्हणाल्या,
आणि मला क्षणभर कळेना, कुठल्या जोडीतलं.
नवरा बोटीवर होता. कुठल्या बंदरातून आणलं
ते त्यालाही नंतर आठवत नव्हतं.
सेम टू सेम पाहिजे, म्हणाल्या. नाताळच्या आधी.

निळा.
पण मोरपिशी नाही, नीळ नाही, गोकर्णीचाही नाही.
शाईची दौत विसळताना
दुसऱ्या पाण्याला येतो, तसा.

अकरा चकत्या भाजल्या.
भट्टीतून निघताना सगळेच रंग खोटं बोलतात;
लालसुद्धा काळा दिसतो.
जाळीवर ठेवायचं, पंखा बंद करायचा,
आणि टक्, टक्, तांबं निवताना ऐकत बसायचं.
एक हिरवट निघाली. दोन तडकल्या.
एक खिडकीत अगदी तीच होती,
ट्यूबलाइटखाली जांभळी.
चाळीस वर्षं एका कानाशी राहून
निळ्याचं जे काही होतं
त्याची पूड कुठल्याच दुकानात मिळत नाही.

बाराव्या रात्री कंटाळून
ते कानातलं उलटं केलं भिंगाखाली.
मळकट राखी. थोडा शेवाळी.
मध्ये लालचा एक कण चुकून आलेला,
आणि कुंचल्याचा एक केस, वितळलेल्या काचेत जळून गेलेला,
फक्त त्याची रेघ उरलेली.

मी उठले. बरणी उघडली.

एकाच भाजणीत जुळला.
कुठल्या बंदरातला कोण तो माणूस,
त्यानंही उंबरा झाडून बरणी भरली होती,
आणि उरलेल्या सगळ्या रंगांचा मिळून
त्याच्याकडेही हाच रंग झाला होता.
साडेबारा वाजले होते.
मला उगाच वाटलं, खोलीत दुसरंही कोणी
पंखा बंद करून बसलंय.

फिलोमिनाबाईंनी दोन्ही तळहातावर घेतली.
जुना निळा, नवा निळा.
बराच वेळ पाहिलं.
हा जरा तरणा आहे, म्हणाल्या.
पन्नास रुपये कमी केले, आणि घातली.
पाठ मी दाखवली नाही.
कानाला तीच बाजू लागते.

फसलेल्या चकत्या खिडकीत आहेत अजून.
हिरवट होती ती गव्हाणकरांच्या नातीनं मागून नेली,
भोक पाडून, दोऱ्यात ओवून.
विजेचं बिल आलंय.
गव्हाणकर म्हणतात, ह्या महिन्यात तुमचे पापड फार.