डुप्लिकेट

ठाकूरद्वारच्या नाक्यावर, चपलांच्या दुकानाला टेकून
सव्वादोन फुटांचं माझं टेबल.
वर बाबांच्या हातची पाटी : पांचाळ, किल्ल्या.
खाली कुणी खडूनं 'अर्जंट' लिहून गेलंय,
मी पुसलं नाही.

किल्ली डोळ्यांनी ओळखायची नाही, बाबा सांगायचे,
अंगठ्याच्या पेरानं ओळखायची.
कुलूप ज्याला हो म्हणतं
ते एवढंसं असतं,
केसाइतकं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मूठ मिटेना.
दोन्ही हातांची, एकाच वेळी, त्याच त्या सांध्यांत,
जुळ्यांनी ठरवून रुसावं तशी.
ब्रशवर पेस्ट घ्यायला मेघश्यामला हाक मारली.
नाटक करतेस, तो म्हणाला.
मग माझी बोटं पाहिली
आणि गप्प ट्यूब दाबली.

दहा वाजले की हात सुटायचे,
कानस धरता यायची.
म्हणून सहा महिने कुणाला बोलले नाही.

बोलले, तर गल्लीभर डॉक्टर.
तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय, हेमलता.
गुळवेल घे. हळद घे. सकाळी अनशापोटी लसूण घे.
सादिकभाईंनी कलौंजीची पुडी ठेवली टेबलावर,
सुट्टे पैसे ठेवावेत तशी, न बोलता.
मी सगळं घेतलं. सगळ्यांचं मन राखलं.
बोटं काही राखली गेली नाहीत.

नाफडे डॉक्टरीण परळला बसते.
बाहेरच्या बाकावर एक मुलगी,
नाकावरून दोन्ही गालांवर लाल पंख पसरलेले,
ऐन जानेवारीत छत्री.
एक बाई सारखी बाटलीतून घोट घेणारी,
तोंडातली लाळच आटलेली.
एक पोरगा, दप्तरात इन्शुलिन.
कुंपणानं खाल्लेली शेतं,
ओळीनं बसलेली, टोकन हातात.

कमी नाही हो, नाफडे म्हणाली, शक्ती भरपूर आहे.
फक्त माणूस ओळखण्यात चुकतेय.
म्हणजे कुलूप बिघडलं, मी म्हटलं.
ती हसली. कुलूप नाही.
किल्लीवालाच फिरलाय तुमचा.
तुमच्याच दाराची डुप्लिकेट काढून
रात्री आत शिरतो, सांधे फोडतो,
आणि त्याला वाटतं, आपण चोर पकडतोय.

का पण?
थोडं रक्तातून येतं, थोडं कुठून येतं कळत नाही.
नक्की सांगतो म्हणेल
त्याच्याकडे जाऊ नका.

आता शनिवारची एक गोळी. फक्त शनिवारची.
भिंतीवरच्या कॅलेंडरात मेघश्याम गोल करतो.
रक्त तपासायला ठरल्या दिवशी.
ताप आला तर अंगावर काढायचा नाही,
दुपारी दंड उघडून फ्लूची सुई घ्यायची,
आणि रात्री अकराला झोपायचं,
ज्यासाठी मला कुणी आजवर औषधाची चिठ्ठी दिली नव्हती.
काढे बंद. पहारेकऱ्याला आणखी दंडुका कशाला?

परवा सकाळी सातला दार वाजलं.
फणसवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ढमढेरेबाई,
ओल्या केसांनी, हातात दुधाची पिशवी.
चाळीस वर्षांची किल्ली, आज कुलूप घेईना.
तोडून टाक, म्हणाल्या.

सात वाजता माझी बोटं माझी नसतात.
मेघश्यामला बरोबर घेतलं, जिने चढले थांबत थांबत.
तोडायचं नाही, त्याला म्हटलं.
पेन्सिलीचं शिसं घास दातांवर.
घाल. जोर नको. जरा मागे घे.
त्याला आठवू दे.

चौथ्या खेपेला आत काहीतरी
हो म्हणालं.

किती झाले? बाईंनी विचारलं.
वीस द्या.
नाणं घेतलं आणि निसटलं,
जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबलं.
ब्याऐंशीच्या बाई वाकल्या,
उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं
आणि माझी बोटं
एकेक करून
त्यावर मिटवून दिली.