बशीतला चहा

ब्लायनाउच्या चॅपलमध्ये रविवारी आम्ही सातजण.
बॉयलर नाताळापासून बंद.
छप्पर पाटीच्या दगडाचं;
तसल्याच पाटीवर, जालन्याच्या मिशनशाळेत,
थुंकी लावून मी चुकलेल्या बेरजा पुसायचो.

उपासनेनंतरचा चहा ओल्वेनबाईंचा.
दुसऱ्या कुणी किटलीला हात लावायचा नाही.
त्यांचा हात कापतो, तीन वर्षं झाली.
कप बशीवर दात वाजवत येतो,
निम्मा चहा बशीत.
"बशीलाही तहान असते," म्हणतात
आणि हसतात, कवळी सावरत.

मंगळवारी बँगरला माझी तिसरी केमो.
कुणालाच सांगितलं नव्हतं.
रात्री गुडघे टेकून, मराठीत,
एवढंच मागत होतो: प्याला टळू दे.
त्यानंही मागितलंच होतं की, त्या बागेत,
घामानं निथळत.
मग उठला, आणि झोपलेल्यांना हाक मारली.

आज ओल्वेनबाई माझ्यापाशी थांबल्या.
टोपीखालचं टक्कल दिसलं असावं.
विचारलं काहीच नाही. कप पुढे केला.
धरायला गेलो, तर माझाही हात कापला,
चहा सगळा माझ्या बुटांवर.
"दोघांत मिळून एक हात धड नाही!"
त्या इतक्या हसल्या की ऑर्गनवाला वळून बघू लागला.

मग खुर्चीचा आधार घेत, हळूहळू
त्या खाली वाकल्या
आणि स्वतःच्या रुमालानं माझे बूट पुसू लागल्या.
मी नको नको म्हणत राहिलो.

बशीत घोटभर उरला होता.
वडील प्यायचे तसा, फुंकून, भुरकला.
कोमट होता.
साखर जरा जास्तच.