बारदान

भांबळ मॅडम फळ्यावर आधी उत्तराचं एकक लिहायच्या.
उत्तर नाही, नुसतं एकक.
मिली.
मग बोटांत खडू फिरवत थांबायच्या.
“जायचं कुठं ते ठाऊक नसताना
स्वारगेटला येईल त्या बसला हात करू नका.”

मग अपूर्णांकाला अपूर्णांक जोडत जायचं.
मिलिग्रॅम वर असेल तर पुढच्यात खाली,
किलो खाली असेल तर कुठेतरी वर,
आणि तिरक्या रेघा.
किलोनं किलो गेला, मिलिग्रॅमनं मिलिग्रॅम,
शेवटी मिली उरलं तरच सिरिंजला हात.
“आणि किलोचा वर्ग उरला, तर पोरींनो,
तो कुणाच्या दंडात टोचणार?”

पाचपुढे टिंब देऊन शून्य काढलं की वहीवर लाल फुली:
टिंब पुसलं तर पन्नास होतात.
फोनवर ‘दीड’ म्हणायची बंदी.
सव्वा, दीड, अडीच ही घरची चिल्लर,
वॉर्डात एक पॉइंट पाच,
तेही दोनदा, समोरच्याकडून वदवून.

मी मार्केट यार्डातल्या तोलाराची मुलगी.
बाबा पोतं नुसतं कलतं करून सांगायचे,
माल किती, बारदान किती.
ते मॅडमच्या फळ्यावर कधी आलं नाही.

जानेवारी, पहाटेचे तीन, मुलांचा वॉर्ड.
मंगळवार पेठेतली कुत्रीसुद्धा गप्प.
शरणू, वय अडीच, ताप उतरत नाही.
कागदावर वजन अठरा.
दर किलोला पाच मिलिग्रॅम,
अँप्युलवर दोन मिलीत ऐंशी.
मांडलं. रेघा मारल्या.
सगळं सगळ्याला गेलं, उरलं मिली:
दोन पॉइंट पंचवीस.
मॅडमनी बरोबरची खूण केली असती.

कूस बदलायला त्याला उचललं
आणि हात म्हणाला, नाही.
हे अठरा नाही.

मुलांचा काटा दिवाळीपासून दुरुस्तीला गेलेला.
म्हणून संध्याकाळी आईला पोरासकट उभं केलेलं,
आणि आईचं वजन वजा,
तिला विचारून.

महादेवी लसूण निवडते, बाबांच्याच यार्डात,
नखं सोललेल्या पाकळीच्या रंगाची.
“तुझं वजन केलं कधी होतंस गं?”
“नागपंचमीला. गावाकडं. चाळीस.”
मोठ्या काट्यावर घेतलं दोघांना: अठ्ठावन्न.
शरणूला माझ्या कडेवर घेतलं.
सुई डगमगली,
शेहेचाळीसवर थांबली.

ती काट्याकडे नाही, फरशीकडे बघत होती.
“सहावा लागलाय,” म्हणाली.
“कुणी इचारलंच नाही.”

डॉक्टरला उठवलं. आधी चिडला,
मग खुर्चीतच ताठ बसला,
अठरावर आडवी रेघ, बाजूला बारा, सही, वेळ.
पुन्हा मांडलं सगळं.
रेघा त्याच, खाडाखोड नाही,
मिली तसंच उरलं, निमूट,
जणू मघाशीही खरंच बोलत होतं.
एक पॉइंट पाच.
समोरच्या वॉर्डातल्या थंकम्माला बोलावून
तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

औषध शिरेतून अगदी सावकाश सोडलं.
त्याचा तळवा माझ्या मनगटावर तापत होता.

पहाटे माझ्या कच्च्या कागदावर
तेवढे सहा किलो राहिले होते.
वर धरावेत की खाली, कळेना,
कशानंच जात नव्हते.
बाबा असते तर त्यांनी याला बारदान म्हटलं नसतं,
इतकं मला नक्की माहीत आहे.

ड्यूटी सुटायच्या आधी एक कोरा केसपेपर घेतला:
महादेवी, वय बावीस, वजन शेहेचाळीस.
बाळंतपणाची ओपीडी, खोली चार, आजच.
ती म्हणाली, आज रोज बुडतोच आहे, जाते.
शरणू झोपला होता, तोंड उघडं टाकून.
खिडकीबाहेर पहिल्या बसनं गिअर बदलला
आणि तिनं पदराच्या टोकात
तो कागद बांधला, नोटा बांधतात तसा.