बशीवर काही उगवलं नाही

तीन दिवस मी तोच शेरा लिहिते आहे:
वाढ नाही.
मेंढीच्या रक्ताची लाल बशी, सदतीस अंशांची ऊब,
जंतूला याहून आणखी काय लागतं?
तरी बशी कोरी.
आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, वार्लामचा ताप
एकोणचाळीसच्या खाली यायला तयार नाही.

कुतैसीत मार्चमध्ये धुकं रिओनी नदीवरून उठतं
आणि थेट आमच्या प्रयोगशाळेच्या काचेला नाक लावतं.
वार्लाम मात्र च्यातुराचा, खाणींच्या गावचा.
दरीवरून माणसं नेणारे लोखंडी पाळणे
एकतीस वर्षं त्यानं वरखाली केले.
तारेचा नुसता आवाज ऐकून सांगायचा म्हणे,
कुठल्या खांबाची चाकं तेल मागताहेत.
आता त्याच्याच पिंढरीत वीतभर जखम,
आणि तिचं म्हणणं
आमच्यापैकी कुणाला ऐकू येत नाही.

जिन्यात नुत्सा भेटली. नवी डॉक्टर, मऊ हाताची.
"नमुना कसा घेतेस?"
"तो किंचाळतो, लामारा. मला बघवत नाही.
आधी जागा बधिर करते, मग बोळा फिरवते."
"लिडोकेन?"
"भरपूर," ती म्हणाली, चांगलं काम केल्यासारखी.
केलंच होतं तिनं.

त्या रात्री मी घरी गेले नाही.
फ्रीजमधली ओळखीची जात काढली, दोनशे बारा नंबरची,
नव्या बशीभर पसरली
आणि मधोमध त्याच औषधाचा एक थेंब ठेवला.
उजाडताना पाहिलं:
चंद्राला पडतं तसं थेंबाभोवती खळं पडलं होतं.
स्वच्छ, गोल, निर्जन.

म्हणजे कळ शमवणारं पाणी
कळ देणाऱ्यांचीही वाचा बंद करत होतं.
साक्षीदाराच्या तोंडावर हात दाबून
आम्ही तीन दिवस विचारत होतो: सांग, कोण होतं?

पण ओरडणंही सरळ नसतं.
हे जंतू मज्जातंतूच्या टोकाला भोक पाडतात,
आणि तो ठणकू लागला की, अलीकडे कळलंय,
त्या गोंगाटात अंगाचा पहारा मंदावतो.
म्हणजे दुखणंसुद्धा कधी कधी
चोराचीच बाजू घेतं.
मग दयेनं नेमकं कुठं उभं राहायचं?
मला ठाऊक नाही. मी बश्या बघते.

वार्लामला सगळं सांगितलं. पुन्हा घ्यावं लागेल,
या वेळी भूल न देता.
त्यानं छताकडे पाहिलं.
"तोंड दाबून बुक्क्यांचा मार पुष्कळ खाल्लाय, बाई.
आज निदान तोंड तरी मोकळं असेल."
मग तो खांब मोजू लागला, खालच्या स्टेशनापासून.
एक. दोन. तीन.
सहाव्या खांबाशी त्यानं खाटेची दांडी धरली.
सातव्याशी जे शब्द वापरले
ते मी इथं लिहीत नाही.
नुत्साचा हात हलला नाही. डोळे मात्र
तिनं नंतर खिडकीत जाऊन पुसले,
आणि येऊन लगेच सुई भरली. आता भूल. आता हवी तेवढी.

दुसऱ्या सकाळी बशी पिवळीधमक.
सोन्याचे टिपके, एकमेकांना खेटून,
रक्तात आपापली अंगणं सारवून बसलेले.
औषधाच्या पाच चकत्या ठेवल्या, चौघींना त्यांनी भीक घातली नाही.
पाचवीला घातली.

नमुन्यांच्या ट्रेवर मी चिठ्ठी चिकटवली:
आधी नमुना, मग भूल.
शाई ओली होती, "मग" थोडा पसरला.

वार्लामला बघायचं होतं.
झाकण पट्टीनं बंद करून बशी वर नेली.
ताप अडतीस पॉइंट चार. त्यानं ती उजेडात धरली.
"एवढेसे?"
मग, मी नको म्हणेपर्यंत,
कान झाकणाजवळ नेला,
दोरखंडाजवळ नेत असावा तसा,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
"तार अजून ताणलेली आहे," म्हणाला,
आणि बशी मला परत दिली.