रोशनीघर, रात्रपाळी

साडेपाचला आकाश हळदीच्या पाण्यासारखं झालं,
मग गेरूसारखं, मग दिसेनासंच झालं.
ग्वाल्हेरला आंधी नवी नाही, दर जूनला येते,
पण या वेळी कंपूच्या रस्त्यावरचे अकरा खांब
तिनं दातवणाच्या काड्यांसारखे मोडले.
कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचं कापड
तेहतीस के.व्ही.च्या तारेवर अजून फडफडतंय,
गुलाबी, सोनेरी टिकल्यांचं.

माझ्याकडे एक टेबल, दोन फोन, एक रजिस्टर.
पानावर धूळ बसलीय, तिच्यावरूनच पेन चालवते:
दौलतगंज, बंद.
चंद्रवदनी नाका, बंद.
फालका बाजार, आधी ठिणग्या, मग बंद.
मराठीत बंद आहे, हिंदीत बंद है,
एवढ्या एका शब्दापुरतं
सगळं शहर एकाच भाषेत भांडतं.

एक हलवाई म्हणाला, चाळीस किलो मावा आहे,
सकाळी तुमच्या दारात आणून ओततो.
एकानं नुसती शिवी दिली आणि मग नाव सांगितलं.
एका बाईचा आवाज मात्र खालच्या पट्टीत:
इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे,
दार उघडून बघू का, गार आहे का अजून?
नका उघडू, मी म्हणाले.
तासाभरानं तिनं तेच विचारलं, मीही तेच सांगितलं,
तिलाही ते पाठच होतं बहुतेक.

कुणाचं आधी, याची यादी भिंतीवर आहे.
पहिलं जयारोग्य रुग्णालय. मग मोतीझीलचे पंप,
कारण तिघऱ्यात पाणी कितीही असो,
टाकीपर्यंत ते आपल्या पायांनी चढत नाही.
माझी गल्ली तिसऱ्या पानावर.
नवऱ्याचा फोन: तू तिथेच बसलेली,
आणि अंधार आपल्याच घरात?
त्याचीही तक्रार नोंदवून घेतली,
क्रमांक दोनशे सतरा.

पावणेतीनला हरविलासचा फोन.
कडुनिंबाची फांदी कापून झाली, आता वर चढायचं.
दीदी, चार नंबर फीडर,
बंद आहे ना?

मी सबस्टेशनला विचारलं. इंदापूरकर उठून बघून आले.
बंद आहे, त्यांनी मला सांगितलं, मी त्याला.
बंद आहे ना? त्यानं परत विचारलं.
संध्याकाळपासून जो शब्द लोक माझ्यावर फेकत होते
तो त्यानं उचलून नाण्यासारखा वाजवून घेतला,
एकदा, दोनदा, तीनदा.
बंद आहे, हरविलास.
कुलूप घातलंय, पाटी लावलीय,
किल्ली इंदापूरकरांच्या खिशात.
बरं, म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी पंख्याखाली बसले होते, जनरेटरवरच्या,
आणि घाम मानेवरून खाली उतरत होता.
तेवढ्यात पुन्हा हलवाई. किती वेळ अजून?
असं सांगायचं नसतं, पण तोंडून गेलं:
खांबावर माणूस आहे.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग,
अच्छा. मग राहू द्या.
मावा तसाही गेलाच.

चार वाजून दहा मिनिटं.
उतरलो, हरविलास म्हणाला. परमिट परत घ्या.
तेवढ्याच तीन शब्दांत मी रात्रभराचा श्वास सोडला.
मग फोन थांबू लागले, एकेक मोहल्ला करून.
लाईट आली हे कळवायला कुणी फोन करत नाही,
गप्प झालेला फोन हीच आमची पोच.

पाच वाजले. सव्वापाच.
इन्सुलिनवालीचा फोन आला नाही.
तिचा फीडर सुरू आहे, बोर्डावर दिसतंय,
तरी रजिस्टरमध्ये मागे जाऊन नंबर शोधला,
धुळीतून शेवटचे दोन आकडे कसेबसे वाचले.
बऱ्याच रिंगा वाजल्या.
तिनं हॅलो म्हटलं नाही, नावही विचारलं नाही.
ऐका, म्हणाली,
आणि फोन नेऊन फ्रीजला लावला.

बाहेर उजाडलंय, मोर ओरडतायत किल्ल्याच्या बाजूला.
दोनशे सतराच्या पुढची जागा
अजून कोरी.