सुपडू

मार्चची दुपार, अमळनेर. प्रॅक्टिकलच्या खोलीतला पंखा
ऊन या टेबलावरून त्या टेबलावर सरकवतो, एवढंच.
सूक्ष्मदर्शक अकरा, चालू सात,
तेलाचं भिंग एकालाच.
त्याच्यापुढे रांग.

गालाच्या आतून हलकं खरवडा, मी सांगितलं,
वर जेनस ग्रीनचा एक थेंब.
थांबा जरा.
फिक्या पेशीत हिरवट-निळे ठिपके दिसतील,
खसखस सांडल्यासारखे.

हर्षाली बोरसेनं डोळा लावला तो काढेचना.
'मॅडम, हे माझे?'

आता तुझे.
दीड अब्ज वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी,
मोकळे होते पाण्यात, आपल्या पोटापुरते.
कुणीतरी एकाला आत घेतलं.
भूक होती, चूक होती, की जुना शेजार,
अजून नीट कळलेलं नाही.
पचवलं नाही, एवढं खरं.
तोही आतून फाडून निघाला नाही.
ज्या प्राणवायूनं बाकीचे होरपळत होते
तो याला जाळता यायचा.
सरपण तिचं, चूल याची.

मग पिढ्यांमागून पिढ्या
त्याची वही घरच्या मोठ्या वहीत उतरत गेली.
माणसात सदतीस ओळी उरल्यात,
गोल कागदावर, वेगळ्या.
त्या आईकडूनच येतात.

सुपडूभाऊ मोरीशी काचपट्ट्या धूत होते.
नळ बंद केला.
'माले बी सुपमा घालीसन शेजारनीले दिधं व्हतं.
मन्हा आगोदरना तीन गयात ना, म्हनीसन.
सव्वा रुपयामा.
माय परत लेवाले उनीच नही.'
हात पँटला पुसले.
'मंग मी तठनाच व्हई गऊ.'

कुणी हसलं नाही. हर्षालीनं काडी पुढे केली,
'काका, तुमचे बघू?'

त्यांनी तोंड उघडलं. डावीकडे तीनच दात.
थेंब टाकला, भिंग खाली आणलं,
स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

मी सांगणार होते
की ही खसखस शेजारणीच्या घरची नाही.
नाही सांगितलं.
बावीस मार्च झाले, हाच धडा ते मोरीपाशी ऐकतात.

घंटा झाली. पोरं सायकलींकडे पळाली.
पेशीत धुगधुगी असेतो हा रंग टिकतो,
मग उतरायला लागतो.
ते एक डोळा मिटून
स्क्रू बारीक बारीक फिरवत राहिले.